नक्कल अर्ज

कौटुंबिक न्यायालयातल्या बाई म्हणाल्या,
सत्याऐंशी साल? तेव्हा हे कोर्टच नव्हतं, ताई.
सीबीएसपाशी जा, जुन्या दगडी इमारतीत,
दिवाणी, वरिष्ठ स्तर. तिथं असलं तर असेल.

गेले. तीन शुक्रवार गेले.
सातपूरला दुसरी पाळी मागून घेतली,
सकाळ कोर्टाला, संध्याकाळ मशीनला.
छापील अर्ज झेरॉक्सवाल्याकडे, दोन रुपये.
तिकीट लाळेनं चिकटत नाही,
त्यासाठी खिडकीला सुतळीनं बांधलेली डिंकाची बाटली.

प्रकरणाशी नाते.
या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं.
मग लिहिलं, मुलगी.
कोणाची, ते विचारलं नव्हतं.
नक्कल कशासाठी हवी?
घरगुती कामासाठी.
दावा क्रमांक?

तो नव्हता.
होतं ते एवढंच की बाबा नोटांच्या प्रेसमध्ये होते,
आई देवळालीहून तारखांना यायची,
आणि मला, सहा वर्षांची, एकदा
साहेबांच्या खोलीत एकटीला नेलं होतं.
टेबलावर काचेचा कागददाबा, आत निळं फूल.
कोणाकडे राहायचं बाळा?
फूल आठवतं. उत्तर आठवत नाही.

उत्तर बाकीच्यांना आठवतं.
मामा म्हणतो, पोरीनं सरळ आईकडे बोट दाखवलं.
मोठी काकू म्हणते, त्या एका बोटानं माणूस गेला.
आत्ता मार्गशीर्षात बाबा वारले
तेव्हा दहाव्याला, ओल्या पायरीवरसुद्धा म्हणाली.
आणि खोलीत आई नव्हतीच, हे
मला छत्तीस वर्षं सुचलं नाही.

शिरसाठ नावाचे अभिलेखपाल, निवृत्तीला चार महिने,
तोंडाला रुमाल बांधून आत गेले.
'ख' ची वही. खैरनार एकनाथ, खैरनार नामदेव,
खैरनार प्रल्हाद दगू.
अर्जदार आई, जाबदेणार बाबा.
म्हणजे जाब त्यांनी द्यायचा होता.
माझं नाव कुठंच नाही,
मी आहे ती फक्त 'अज्ञान'.
कायद्यात लहान मुलाला असंच म्हणतात, शिरसाठ म्हणाले,
वाईट वाटून घेऊ नका.

तुमचा जबाब 'ड' फाईलला असणार,
ती नियमाप्रमाणे नष्ट.
निकाल आहे. रोजनामा आहे. पानं सहा.
सहा पानांची तिकिटं लावा, पुढच्या शुक्रवारी या.

आज मिळाली.
नक्कल विभागाच्या बाकड्यावर, दोन वकिलांच्या मधे बसून वाचली.

अकरा जुलै. उभयतांची पुरसिस दाखल. अज्ञान मुलीचा ताबा
आईकडे राहील. जाबदेणार यांची हरकत नाही. सही.
चौदा जुलै. अज्ञान मुलीस चेंबरमध्ये विचारपूस केली.

अकरा.
मग चौदा.

मी परत वाचलं.
शेजारच्या वकिलाला विचारलं, पुरसिस म्हणजे?
तो फोनवर होता, हातानंच म्हणाला, म्हणजे ठरलं.
तीन दिवस आधीच ठरलं होतं.
बाबांची सही, जाड, प्रेसच्या पगारपत्रकावर करायचे तशी,
प्रल्हाद मधला ल्हा अर्धवट.
हरकत नाही.
बाबा, हे तुम्ही एकदा तरी
काकूला सांगायचं होतं.
मला नाही तर नाही.

राग येईल वाटलं होतं, नाही आला.
भूक लागली.
खाली टपरीवर उभ्यानं वडापाव खाल्ला,
हात पुसायला कागद हवा होता
तर पिशवीत तेवढेच सहा.

शेवटच्या पानावर जांभळा शिक्का,
अस्सलबरहुकूम खरी नक्कल.
तो अजून ओला होता, ते नंतर कळलं,
कंपनीच्या गेटवर हजेरीसाठी बोट ठेवलं तेव्हा.
यंत्रानं घेतलं नाही.
पुन्हा प्रयत्न करा.
मागं रांग, सुरक्षारक्षक म्हणतो, मॅडम, पुसा ना जरा.
ओढणीच्या टोकानं पुसलं.
तेच बोट
पुन्हा ठेवलं.