चौऱ्याऐंशी

एल आल्तोच्या विमानतळावर उतरलो तेव्हा
एइमार म्हणाला, आई, इथल्या हवेत कोणी पाणी घातलंय का,
दुधात घालतात तसं?
मी हसले. हसायलाही दम लागला.

खाली, त्रिनिदादला,
पुराचं पाणी दर वर्षी पायरीवर येऊन बसायचं पाहुण्यासारखं.
तिथे चालायचं कोण? एका मोटरसायकलवर तिघं,
डाल्मा टाकीवर, एइमार मागे, युनिफॉर्म पिशवीत.
आठ वर्षं, दर तीन महिन्यांनी करारावर सही.
मग हे पत्र: कायमची नेमणूक, बालरुग्ण विभाग,
समुद्रसपाटीपासून चार हजार एकशे मीटर.
मीटरचं मी वाचलंच नाही.
'कायमची' तेवढं वाचलं.

मुलांच्या वडिलांनी बोटीवरून फोन केला:
सामान कमी न्या.
जाळीचा झोपाळा तरी घेतलाच मी.
इथल्या विटा पोकळ, खिळा धरत नाहीत.
अजून पोत्यातच आहे तो.

पहिली रात्रपाळी.
तीन नंबरच्या खाटेवर दोन वर्षांचं पोर, पायाला प्लास्टर,
यंत्रावर आकडा: चौऱ्याऐंशी.
पाय आपोआप पळाले.
खाली आम्ही नव्वदला डॉक्टरांना उठवायचो,
चौऱ्याऐंशीला देवाला.
हातात ऑक्सिजनची नळी, आणि माझाच श्वास
लोहाराच्या भात्यासारखा.
प्रिमितिवा, तीस वर्षं याच वॉर्डात, विणकाम न सोडता म्हणाली,
"बाळ गुलाबी आहे बघ. झोपलंय.
इथे हे ठीक असतं.
तू बस. ओठ निळे पडलेत तुझे."

मी बसले.
इतक्या वर्षांचं पाठांतर
एका डोंगराने खोडलं, नुसतं मला वर उचलून.

सुईला घाबरणाऱ्या किती पोरांना सांगितलं असेल,
दम धर राजा, झालंच.
आता हाच शब्द जिन्यात माझी वाट अडवतो.
दोनच मजले. मधल्या वळणावर थांबून
मी किल्ली शोधायचं नाटक करते,
आणि सत्तरीची घरमालकीण, दोन्या एउसेबिया,
गॅसचा सिलिंडर पाठीवर घेऊन
मला ओलांडून जाते. किल्ली सापडली का, विचारते.
रोज विचारते.

शाळेत डाल्माला म्हणतात, तू शब्दातला 'स' खातेस.
"भूक लागते मला," तिने सांगितलं त्यांना.
एइमारला गोलकीपर केलंय, पळता येत नाही म्हणून.
तो बोलला नाही, मी विचारलं नाही.
शर्टाची कोपरं तेवढी मळून येतात.

पाळीवरून आले की दिवा न लावता
दोघांच्या बोटांना चिमटा लावते.
पांघरुणाखाली छोटा लाल आकडा पेटतो.
ब्याऐंशी. पंच्याऐंशी.
वहीत लिहिते. कुणाला दाखवायला, ठाऊक नाही.
खिडकीबाहेर केबल कारच्या तारा,
वरती बर्फाचा डोंगर,
त्याला कसलीच घाई नाही.

रविवारी बटाटे लावले.
इथे पाणी लवकर उकळतं आणि शिजत काहीच नाही.
डाल्मा चिमटा घेऊन आली.
"आई, तुझं बोट."
माझं?
तीन आठवड्यांत सुचलंच नव्हतं.
बोट इतकं गार की यंत्राला आधी मी सापडलेच नाही.
मग एकोणऐंशी.

तिने ओठ हलवत दोनदा वाचलं.
"ठीक असतं हे इथे," म्हणाली, माझ्याकडे न बघता,
आणि वहीत माझ्या अक्षराखाली
वाकडा सात, त्याहून वाकडा नऊ,
पुढे 'आई'.

एइमारने झाकण उचलून काटा टोचला.
चष्मा नसलेल्या त्याच्या डोळ्यांवर वाफ.
"कच्चे आहेत," तो म्हणाला,
आणि हुबेहूब माझ्या वॉर्डातल्या आवाजात,
"दम धरा."