जवसाचं तेल

काळ्या बंपरची राख झाली होती.
बोट फिरवलं की पांढुरकी भुकटी,
कोराडीहून वाऱ्यानं आणून ठेवल्यासारखी.
बोनेट शंभरदा धुतलेला गणवेश.
आरटीओच्या पुस्तकात मात्र अजून 'निळा'.

नत्थूजी निनावे सहालाच आले वाडीहून,
सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीत जुनी बनियनं, कंपाउंडचा डबा.
"साडेआठपर्यंतच जी. मंग पत्र्यावर भाकर भाजते."
नव्या रंगाचे किती, मी विचारलं.
त्यांनी कोपऱ्यात बनियन घासून मला दाखवलं,
कापडाला निळं लागलं होतं.
"रंग जित्ता हाये. वरची चामडी तेवढी मेली."

डिकीपाशी त्यांचा हात थांबला.
"हे स्टिकर काढू का?"

लाल एल.
पन्नाशीला चार कमी असताना लावलेला.
हिंगणा रोड, रविवार, ट्रक कमी म्हणून,
आणि हे शेजारी,
एक हात हँडब्रेकवर, दुसरा देवावर.
लायसन्स आलं, एल राहिला.
हे गेले, एल राहिला.
मागचे हॉर्न कमी वाजवतात,
कारण एवढंच, खरं सांगते.

हेअर ड्रायरनं गोंद ऊन केला, नखानं सोलला.
खाली दुसरा एल,
शोरूममधून निघाल्या दिवसाचा निळा,
कडा कोरल्यासारख्या.
"हा आपला मास्तर," नत्थूजी म्हणाले.
"सारी गाडी याच्यावानी झाली का थांबाचं.
जास्त घासलं तर पत्राच भेटते."

गोल गोल, हलक्या हातानं.
पहिल्या दिवशी दोन दरवाजे आणि बोनेट.
छप्पर उद्यावर गेलं.
तिसऱ्या सकाळी मी डिकीवर एल शोधला,
वाकून, तिरक्या उजेडात,
चष्मा घालून, चष्मा काढून.
कुठेच नव्हता.
नत्थूजी खूश.
मी चहा टाकायला आत गेले
आणि दूध नासलंय की काय ते बघत
ओट्याशी जरा जास्तच उभी राहिले.

बंपरला त्यांनी जवसाचं तेल चोळलं.
"दुकानातलं पॉलिश वाहून जाते.
हे प्लास्टिक पिते."
काळा परतला, कढईच्या बुडासारखा.
फाटकापर्यंत चटणीचा वास.

संध्याकाळी बाहेर येऊन बघते
तर शेजारच्या गोटाफोडेंची गाय
बंपर चाटत उभी, डोळे अर्धे मिटून,
नंबरप्लेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मी हाड म्हटलं, पण ते तिला ऐकू जाईल
असं म्हटलं नाही.

डावा कोपरा पुन्हा राखाडी.
उद्या नत्थूजींना काय सांगू?