मास्तरांना, मरळीविषयी

मास्तर, तुमची काठी चांगली आहे.
चाकही भारी, त्याची करकर
पार सांडव्यापर्यंत ऐकू येते.
मरळीलाही येत असणार.

तुम्ही मोकळ्या पाण्यात टाकताय.
तिथे आभाळ आहे, मासा नाही.
मासा शेवाळाच्या सावलीत,
पाणकणसांच्या बुडाशी,
गळ अडकेल म्हणून तुम्ही घाबरता ना, तिथेच.

आत्ता वैशाख. तलावाची हाडं दिसू लागलीत.
दहा वाजता दगडाला हात लावला तर फोड येतो.
पहाटे या, पारोळ्याची पहिली एसटी वाजायच्या आत,
काठावरच्या बेशरमीत उभे राहा
आणि काही करू नका.
ती वर येईल, श्वास घ्यायला.
मरळीला हवा लागते, तुमच्या-माझ्यासारखी.
एक बुडबुड, जणू मडक्यातून पाणी ओतता ओतता
कुणी मध्येच थांबलं.
तिथे टाकू नका. हातभर पुढे टाका,
जिकडे तिचं तोंड होतं तिकडे.
तोंड कुठे होतं हे कसं कळायचं?
तेच तर चाळीस वर्षं शिकतेय.

तुमचा तो रबराचा बेडूक, डोळे रंगवलेला,
माझ्या नातीने खेळायला घेतला असता.
पण चालेल. काट्याचं टोक त्याच्या पोटात दडवा,
नाहीतर दर खेपेला
पावशेर शेवाळ घरी न्याल भाजीला.
कमळाच्या पानावर त्याला बसू द्या घटकाभर.
खरा बेडूक पडल्यापडल्या पळत नाही,
आधी विचार करतो.
मग एक उडी. मग थांबा.
पाणी फुटेल.
तेव्हा ओढू नका! इथेच सगळे चुकतात,
माझा नवरा धरून.
मनात आपलं पूर्ण नाव म्हणा, बापाच्या नावासकट,
मग ओढा.

आखाडात मात्र पाण्यावर
कुंकू सांडल्यासारखा लाल ठिपका दिसला,
हलणारा, उकळणारा,
तर ती पिल्लं. शेकड्यांनी. खाली आईबाप.
तेव्हा ती कशावरही झडप घालते,
काडीवर, पडलेल्या बिडीवर.
भुकेने नाही.
त्या दिवसांत पकडणं सगळ्यात सोपं,
म्हणून पकडायचं नाही.
माझी सासू म्हणायची, ती बी माय शे.
मी एकदा पकडली होती.
जावई पहिल्यांदाच आले होते, घरात काही नव्हतं.
दुसऱ्या दिवशी त्या ठिपक्यावरच्या फांदीला खंड्या बसला होता
आणि संध्याकाळपर्यंत पाणी
पुन्हा पाण्याच्या रंगाचं झालं.
कालवण चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू.

भादव्याचं मला विचारू नका.
पाणी गढूळ असतं, आणि मी मूग तोडायला जाते.

पौषात तुम्ही मफलर बांधून पहाटे याल,
मी वैशाखात सांगितलं म्हणून.
येऊ नका. ती खाली गाळात,
माझ्या गुडघ्यांसारखी ताठ.
बारानंतर या, सांडव्याचा दगड तापला की.
बेडूक घरीच ठेवा.
उकिरड्यातलं जाड गांडूळ घ्या,
ज्वारीच्या धांड्याचा तरंगा बांधा,
शेवाळाच्या भोकातून सरळ खाली सोडा.
तरंगा बुडणार नाही, नुसता कलेल,
मागच्या बाकावरचं पोरगं डुलकी घेतं तसा.
ते तुम्हाला ओळखता येतं.
तेवढ्यापुरते तुम्ही माझ्यापुढे आहात.

आणि हो, मिळाली तर ओल्या गोणपाटात गुंडाळा,
पाण्याबाहेर ती तासन्‌तास जगते.
एकदा बाजारात माझ्या तराजूतून उतरली
आणि धुळीतून सरपटत निघाली,
माणसांच्या पायांमधून, भजीच्या गाडीखालून,
थेट नदीच्या बाजूला.
नदी तिथून दिसत नव्हती.
मी उठले नाही, मास्तर.
गिऱ्हाईक पैसे मोजत उभं होतं,
आणि मी बघत होते
तिचं तोंड कुठे आहे ते.