गोडं की खारं

रात्री पंप किती वेळा चालला, ते मी झोपेतही मोजते.
एरवी दोनदा. काल पाच वेळा.
पाचव्यांदा तो घरघरला तशी उठून बसले,
डोकं छताला आपटलं (अकरा वर्षं झाली, तरी आपटतंच),
आणि यदुनाथ कुशीवर वळत म्हणाला, "सकाळी बघू."
बुडत असलो, तरी हा सकाळीच बघणार.

सकाळ. मॅरेथॉन, फ्लोरिडा.
गावाचं नाव शर्यतीचं, पळत इथे कुणीच नाही.
बंदरात बोयांना बांधलेल्या आम्ही दोनेकशे बोटी,
वारा फिरला की सगळ्या एकदम तोंड वळवतात,
जिलबीचं ताट बाहेर आल्यावर पंगत वळते तशा.
नऊच्या आत डेक एवढा तापतो
की अनवाणी पाय ठेववत नाही.

फळ्या उचलल्या. तळाशी काळं पाणी.
त्यात एक चमचा, मेणबत्तीचं बुडखं,
आणि मार्चपासून हरवलेला दहा नंबरचा पाना.
त्या भोकात मावते ती मीच.
यदुनाथच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला.
तो वरून बॅटरी धरतो,
मी बघत नाहीये बरोब्बर तिथे.

पाणी कुठलं, हे कळायला उपाय एकच.
बोट बुडू नये म्हणून
बोट बुडवायचं
आणि जिभेला लावायचं.

खारं असेल तर समुद्र आत येतोय.
गोडं असेल तर आपलंच पिण्याचं पाणी चाललंय.
आधी डिझेल लागलं. मग साबण, गंज,
मग कुठल्याशा जुन्या मासळीची आठवण.
मी डोळे मिटून थांबले.
आणि अगदी मागाहून, जिभेच्या कडेला,
गोडं.

"गोडं आहे!" मी आतून ओरडले.
वर यदुनाथचा चेहरा, नातू झाल्यासारखा.
मग आठवलं: साठ लिटर.
दोन दिवस डिंगीतून कॅन वाहून
मीच भरलेले.

नळीचा पट्टा तुटला होता.
स्टेनलेस. इथे स्टेनलेस हे नुसतं सांगायला.
मीठ आधी चेनी खातं, मग कात्र्या,
कुकरची शिट्टी, चष्म्याचे स्क्रू,
आणि ज्याची पावती जपून ठेवली ते सगळ्यात आधी.

शेजारचा होरेस डबाभर पट्टे घेऊन वल्हवत आला.
ओहायोत शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा.
त्याचं फाटलेलं शीड मी शिवलं होतं,
तेव्हापासून त्याच्याकडे जे आहे ते माझं,
फक्त मापाचं काही नसतं.
एकोणिसावा पट्टा बसला.
जाताना त्याचं इंजिन बंद पडलं.
मी स्टोव्हची पिन दिली, सांगलीच्या भांडेगल्लीतली,
तिनेच मी कार्ब्युरेटरचं नाक साफ करते.
त्याने ती उजेडात धरली, दागिना पाहावा तशी.

दुपारी शशिप्रभाचा फोन.
"मग, झालं का एकदाचं बोटीचं काम?"
दर महिन्याला हेच विचारते.
मी म्हटलं, "तुझा स्वयंपाक झाला का गं एकदाचा?
म्हणजे उद्यापासून करायला नको."
ती हसली. पण तिला वाटतं, मी विषय टाळते.
टाळत असेनही.

रात्री पंप एकदाही चालला नाही.
अकरा. साडेबारा. काहीच नाही.
दोन वाजता उठले, पंपच जळला की काय ते बघायला.
फ्यूज ठीक. तळ कोरडा.
वर डेकवर गेले, आता आलेच आहे तर.
होरेसच्या बोटीवर दिवा,
पाण्यात मॅनटीचा एक जड उसासा,
पुलावरून की वेस्टकडे चाललेला एकच ट्रक.
कठड्यावर दव साचलं होतं.
बोट फिरवलं, चाटलं.
खारं.
डोकं न आपटता खाली उतरले.