बंद कूलर

मिशन क्वार्टरमधल्या त्या खोलीत
नवतप्याच्या दुपारी
कूलर बंद होता.
लावा, असं कोणीच म्हणालं नाही.
टाकीत पाणी भरताना, ओल्या पायांनी,
त्याच्याच पत्र्याला हात लागून
सुवार्ताचा निनाद गेला होता,
चार दिवसांपूर्वी, सकाळी नऊला.

माझ्या पर्समध्ये चिठ्ठी होती.
रात्री जागून काढलेली तीन वचनं,
अध्यायाच्या आकड्यांसकट,
पोरं परीक्षेला नेतात तशी.

माझ्याआधी थिओडोर काका बोलले:
बागेतली चांगली फुलंच माळी आधी खुडतो.
महिला मंडळाच्या हन्नाबाई सोनटक्के बोलल्या:
देव सोसवेल तेवढंच देतो, बाई.
सुवार्ता मान वर न करता म्हणाली,
मग मी थोडी कमजोर असते
तर वाचला असता का तो?

हन्नाबाईंनी पदराने चष्मा पुसला,
बराच वेळ पुसत राहिल्या.
मी पर्सची चेन लावून टाकली.

बावीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवलं मी
राखेत बसलेल्या त्या माणसाबद्दल.
त्याचे मित्र आले, सात दिवस जमिनीवर बसले,
एक शब्द बोलले नाहीत.
हे मी अर्ध्या मिनिटात उरकायची,
पुढे भाषणं होती ना, प्रश्नपत्रिकेत यायची.
आता फरशीवर तिच्याशेजारी बसले
तेव्हा कळलं,
तेवढे सात दिवसच ते मित्र होते.

अंत्यविधीच्या उपासनेचा छापील कागद
कॉटवर पडला होता.
त्यावर निनाद, अकरावीच्या ओळखपत्रातला,
कॉलर एका बाजूला वर.
मी कागद दुमडला, त्याने तिला वारा घालत बसले.
हात दुखला की हात बदलायचा,
एवढंच काम.

काऊन गं, ती म्हणाली,
तू काहीच बोलून नाही राहिली?
नाही येत बोलता.
मग बस.

बसले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी.
सदर बाजारातून येताना बर्फ आणायची,
माठात टाकायची,
ग्लास तिच्या हातात द्यायची
आणि ती पिईपर्यंत भिंतीकडे बघायची.

एका दुपारी तिनं विचारलं,
त्याला वरून दिसत होते ना ओले पाय?
उत्तरं होती माझ्याकडे. पाठ होती.
पाळकांनी दिलेली, शिबिरात टिपून घेतलेली.
मी म्हटलं, दिसत असतील गं.
मग ती देवाला जे जे बोलली
ते मी इथे लिहीत नाही.
मी त्याची बाजू घेतली नाही.
त्याला वकील लागत असता
तर तो असा उघडा, खिळ्यांवर
कशाला लटकला असता?

आणि आठवलं,
मित्राच्या कबरीपाशी तो पोचला तेव्हा
पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक होतं.
तरी आधी रडला.
आधी.

पलीकडचा गफ्फार मिस्त्री मधेच येऊन
बाराही क्वार्टरांना अर्थिंग करून गेला.
पैसे विचारले तर म्हणाला, पाणी पाजा.

नवव्या दिवशी, दिवे गेलेले असताना,
अंधारातून तिचा आवाज आला:
मीच म्हटलं होतं त्याला,
पाणी टाक बेटा कूलरमध्ये, गरम होऊन राहिलं.

हे ती नऊ दिवस एकटीच धरून बसली होती.
तेव्हा बोलले मी. पहिल्यांदा.
म्हटलं, सुवार्ता, वायर सोललेली होती.
तू नाही मारलंस.
आई जे म्हणते तेच तू म्हणालीस.
वायर सोललेली होती.

बराच वेळ काही नाही.
बाहेर काटोल रोडवरून एक ट्रक गेला,
खिडकीची काच थरथरली.

पटून नाही राहिलं, ती म्हणाली.
उद्या परत सांग.

उद्या मंगळवार होता.
मी गेले. सांगितलं.
बुधवारीही.