शमी, फलज अल मुअल्ला

इथे तिला गाफ म्हणतात.
आमच्याकडे गणपतीच्या पत्रींमध्ये
दोन बोटांएवढी यायची, तीच ही शमी.
इथे तिच्या सावलीत सुहैल बिन खमीसचे सात उंट बसतात
आणि मान पोचते तिथवरचा पाला खाऊन
खालून तिला पट्टीने आखल्यासारखी सरळ करतात.

पहाटे साडेचारला बख्त जमीनने क्रेनचा पाळणा वर नेला.
सर्वांत खालची फांदी, लाल फीत.
शेंड्याची, पिवळी. मधल्या नऊ.
प्रत्येकीची पाच कोवळी पानं सिलिका जेलच्या पुडीत,
नव्या बुटांच्या खोक्यात असते तसल्या.
झाड एकच, एकाच बीचं.
तरी प्रत्येक फांदी आपापल्या वाटेने नक्कल करत वर गेली,
आणि नक्कल करणारा कधीतरी डुलकी घेतोच.

उंदराचा, फळमाशीचा ग्रंथ कधीच छापून झाला.
शमी आमच्यापुढे हस्तलिखित होती;
आधी ती अख्खी लावून घेतली,
मग पाठभेद शोधायला बसलो.
पहिल्या चाळणीत एकेचाळीस हजार.
हरखू नये. यंत्र झाडापेक्षा फार चुकतं.
म्हणून प्रत्येक नमुना दोनदा वाचायचा,
दोन्ही वाचनांत टिकेल तोच धरायचा,
शेजारच्या डहाळीतही सापडला तर थोडी झोप लागते.
शेवटी उरले तेवीस.
चाळीस कोटी अक्षरांतली तेवीस,
लाल फितीपासून पिवळ्या फितीपर्यंत.

दर काढायचा तर भागायला वर्षं हवीत.
या वाळूत खोडाची वलयं भरवशाची नाहीत.
सुहैल म्हणाले, माझ्या आजोबांचा बाप
हिला उंट बांधायचा, तेव्हाही ही म्हातारीच होती.
वहीत मी लिहिलं: वय. आणि पुढे जागा सोडली.
मग त्यांनीच विचारलं,
यातली खरी फांदी कुठली?

प्रयोगशाळेच्या दाराला मी कार्ड टेकवते.
माझं आडनाव पोफळे.
अरबीत प नाही, ळ तर नाहीच.
चौदा वर्षांपूर्वी एका कारकुनाने बोफले केलं,
पुढच्या प्रत्येक कागदाने इमानेइतबारे तेच उतरवलं:
वीजबिल, विमा, लेकीचा जन्मदाखला.

माणसाच्या हातात झालेला बदल हाताबरोबरच संपतो.
शमीचं तसं नाही. फांदीलाच फुलं येतात,
फांदीचा पाठभेद शेंगेत उतरू शकतो,
शेंगा उंट खातात
आणि कुठल्या कुठे नेऊन टाकतात.

ओवी सहा वर्षांची आहे.
शाळेत नाव विचारलं की ठणकावून सांगते, बोफले.
दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा भरलाय.
'चूक काय आहे' या रकान्याशी येऊन
तिन्ही वेळा ठेवून दिलाय.

खालच्या फांदीचा नमुना पुन्हा घ्यायला लागणार.
बख्त जमीनचा निरोप आहे:
लाल फीत वाऱ्याने सुटली,
एका उंटाने खाल्ली.