कोरी पाने वगळा

केलिमानेच्या जन्मनोंदणी कार्यालयात
सकाळी आधी जनरेटर खोकतो, मग मी.
हातमोजे, मास्क, मऊ कुंचला,
टाचण्या उपटायचा चिमटा.
ब्याऐंशी सालच्या टाचण्या कागदातच विरघळल्यात,
त्यांच्या जागी तपकिरी खूण उरते
दंडावरच्या देवीच्या व्रणासारखी.
वाळवीनं खाल्लं तिथं नकाशे झालेत,
बेटं, खाड्या,
मधेच कुणाच्या तरी आजोबांचं अर्धं नाव.

दिवसाला चौदाशे पानं.
तेराशे झाली तर अमीस साहेब बोलत नाहीत,
नुसते घड्याळाकडे बघतात.

काम सोपं. पान ठेवायचं, उजेड सरकतो,
पान उलटायचं, उजेड सरकतो.
कोरं कशाला म्हणायचं ते यंत्र ठरवतं.
पडद्याच्या कोपऱ्यात बारकीशी चौकट,
तिच्यात बरोबरची खूण:
कोरी पाने वगळा.
खूण आधीच केलेली होती, यंत्र खोक्यातून निघालं तेव्हाच.
आम्ही कुणी तिला हात लावला नव्हता.

एकशे सत्तावन्नावी वही. पान उलटताना
खिडकीतून तिरपं ऊन आलं
आणि कोऱ्या बाजूवर काहीतरी चमकलं,
गोगलगाय जाऊन वाळल्यासारखं.

पेन्सिल.

अक्षर बारीक, घाबरलेलं, पण ओळीत.
मुलगी. आई मोरुम्बालाहून चालत आली.
शुल्काला पैसे नाहीत. नाव झिता.
उद्या येते म्हणाली.
त्याखाली: जुळे होते. एक आहे.
उद्या येते म्हणाली.
त्याखाली: मुलगा, आणणारा चुलता.
उद्या येतो म्हणाला.
पानामागून पान.
लढाईची वर्षं, रस्त्यात सुरुंग,
उद्या कुठल्या वाटेनं यायचा होता?

सही कुठेच नाही.
झुलेका इथं तेहतीस वर्षं झाडू मारते. तिनं लांबूनच ओळखलं:
हर्मेनेजिल्दो. डावखुरा.
शाईचा हिशेब द्यावा लागायचा रोज संध्याकाळी,
पेन्सिलीचा कोण विचारतो?
पेन्शन लागायच्या आधीच गेला.
कानावरच्या पेन्सिलीसकट पुरला असेल, म्हणाली,
आणि बादली उचलून पुढे गेली.

मी आधीच्या फाइली उघडल्या.
एकशे छप्पन्न वह्या.
एक, तीन, पाच, सात,
जणू एका पायानं कुणी गाव ओलांडून गेलं.
आणि खऱ्या वह्या आवारातल्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये,
'काम पूर्ण' शिक्का मारून.
गुरुवारी लगद्याच्या कारखान्याचा ट्रक.
त्या दिवशी मंगळवार होता.

अमीस म्हणाले, पेन्सिलीला कायदा नसतो.
म्हणाले, जागा मोजून विकत घेतलीय:
एक प्रत इथं, एक मापुतोला,
एक कुठल्याशा थंड देशातल्या तळघरात,
किल्लीचे तीन तुकडे तीन साहेबांकडे.
तिथं कोरे कागद पाठवू?

मी त्यांना खिडकीशी नेलं. पान तिरपं धरलं.
ते बराच वेळ वाचत राहिले, ओठ हलवत,
लहान मुलं वाचतात तसं.
घड्याळाकडे बघितलं नाही.
मग खिशातून कंटेनरची किल्ली काढून
माझ्या जेवणाच्या डब्यात टाकली.
ट्रकवाल्याला सांग, किल्ली हरवलीय.

सुरक्षित साठवणुकीवर तीन प्रशिक्षणं झालीत माझी.
पटलेलं कुलूप हे पहिलंच.

चौकटीतली खूण मी काढली.
आता यंत्र दोन्ही बाजू गिळतं, कुरकुरत,
पण पेन्सिल त्याला वाचता येत नाही.
शोधलं तर झिता सापडत नाही.
म्हणून जनरेटर बंद व्हायच्या आत
रोज दीड तास मी नावं टाइप करते.
नाव. गाव. आणणारी व्यक्ती.

शेवटच्या रकान्यात अडते.
स्थिती: नोंदलेली, मृत, रद्द.
तीनच पर्याय, आणि रिकामा सोडला तर
फॉर्म पुढे जात नाही.
चौथा पर्याय मागून मापुतोला पत्र घातलंय:
'यायची आहे.'

उत्तर आलं दुपारी.
उद्या कळवतो म्हणाले.